शिडाची होडी आणि भाच्याची रोजी

दर्याशी संबंधित जेवढे शब्द आमच्या घरात वापरले जात, त्यांतले कितीतरी अरबस्तान आणि इराणातून आलेले आहेत. बंदर, लंगर, खलाशी, सारंग. जहाजाचा धनी तो नाखुदा, कोकणच्या तोंडात त्याचा नाखवा झाला. ज्याच्या जोरावर पूर्वी सगळा दर्यावर्दी व्यवहार चाले तो मोसमसुद्धा तिकडचाच. इंग्रजांचा मान्सून त्याच शब्दापासून झाला. पुस्तकांतून हे सगळं मी पुढे वाचलं. लहानपणी मात्र हे आमच्या दादांचे शब्द होते. दादा म्हणजे माझे आजोबा, पडावावर तांडेल होते.

आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठचं. बहामनी आणि आदिलशाही अमलात दाभोळ हे मोठं बंदर होतं. इथे अरबी घोडे उतरत, इथून हजचे यात्रेकरू निघत. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज आरमाराने ते लुटून जाळलं आणि त्याचं पूर्वीचं वैभव ओसरत गेलं. दादांच्या काळात मोठी जहाजं नव्हती, पण पडाव होते. मंगळुरी कौलं, लाकूड, बांबू असा माल भरून मुंबईच्या लकडी बंदराला न्यायचा आणि येताना कापड, धान्य आणायचं. पावसाच्या तोंडावर पडाव ओढून झापांखाली घ्यायचा, नारळी पुनवेनंतर पुन्हा पाण्यात लोटायचा. शिडात वारा भरला तर घरात चूल पेटायची, असा सरळ हिशोब होता.

पुढे पडावाला इंजिन आलं, रस्त्यावर ट्रक आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आमच्या खाडीत आता शीड दिसत नाही. शीड अजून दिसतं ते हौसेच्या होड्यांवर, जिथे संध्याकाळी दोन तास वाऱ्यावर फिरायचे लोक पैसे देतात. दादांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. वाऱ्याची वाट बघत तीन-तीन दिवस नांगरावर पडून राहिलेल्या माणसाला त्यात करमणूक कुठे आहे, हे कळलं नसतं.

अशाच एका हौसेच्या होडीवर मी एप्रिल २०२५ मध्ये बसून आलो. रमजान ईद होऊन दहा-अकरा दिवस झाले होते. जाण्याचं कारण हौस नव्हती, माझा भाचा होता.

धाकटी बहीण चिपळूणला असते. नवरा लवकर गेला. तिने शिवणकाम करून मुलाला वाढवलं, बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून हॉटेल मॅनेजमेंटची पदवी दिली. त्या कर्जाला जामीन मी आहे. पोरगा हुशार निघाला, गोव्यात नोकरीला लागला. गावात कुणी विचारलं की बहीण सांगायची, "हॉटेलात आहे." तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होई. मग त्याच्यासाठी एक चांगलं स्थळ आलं. मुलगी बी.एड. झालेली, घर दीनदार, माणसं साधी. बोलणी पक्की व्हायच्या बेतात असताना कुणीतरी मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. फोटोत आमचा भाचा काळा एप्रन बांधून, हातात स्टीलचा शेकर घेऊन, हसत उभा. मागच्या फळीवर बाटल्यांची रांग.

मुलीच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी बहिणीला एवढंच विचारलं, "मुलगा हॉटेलात म्हणजे नेमका कुठे?"

बहिणीने त्याच रात्री मला फोन केला. "भाई, तू जाऊन बघून ये. मी विचारलं की तो 'अम्मा, काळजी करू नको' एवढंच म्हणतो."

मी भाच्याला फोन केला तेव्हा त्याने काही आढेवेढे घेतले नाहीत. "मामू, शुक्रवारी या. माझं काम होडीवर असतं. तुमची जागा ठेवतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

चिपळूणहून गाडीत बसलो तेव्हा डोक्यात एक वेगळाच विचार घोळत होता. आपल्या लोकांना शेरोशायरीची आवड. मुशायऱ्यात साकी, जाम, मयखाना आला की पांढऱ्या दाढीचे बुजुर्गसुद्धा वाहवा करतात. उर्दूत रियाझ खैराबादी नावाचे शायर होऊन गेले. शराबेवरच्या शायरीसाठी त्यांचं नाव घेतात, आणि त्यांनी उभ्या जन्मात शराब चाखली नाही हेही तितकंच प्रसिद्ध आहे. त्यांना कुणी बोल लावला नाही, उलट नवल केलं. म्हणजे साकी शेरात असेल तर दाद मिळते, आणि तो आपल्याच घरातला, पगारावर असेल तर त्याचं स्थळ मागे फिरतं. यात ढोंग आहे असं मी म्हणत नाही. शेराने कुणाचं घर उद्ध्वस्त होत नाही, बाटलीने होतं, हा फरक आहेच. पण दाद देताना तो फरक आपल्याला आठवत नाही, एवढं मात्र खरं.

करमळी स्टेशनावर उतरलो. भाचा स्कूटर घेऊन आला होता. वाटेत पणजीत त्याने मला जुनं सचिवालय दाखवलं. ही इमारत मुळात आदिलशहाचा वाडा. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पुढे तिथे त्यांचे व्हाइसरॉय राहिले. आमच्या दाभोळवर आणि या वाड्यावर एकेकाळी एकाच गादीचा अंमल होता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामू, पाहुण्यांना हे सांगायला पाहिजे. मी फक्त कॅसिनो दाखवतो." समोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच होत्या.

होडी जेमतेम पस्तीस फुटांची, पांढरी, फायबरची. एक डोलकाठी, दोन शिडं. पाहुणे आठ. पुण्याची दोन जोडपी आणि बेंगळुरूचे चार मित्र. कार्यक्रम असा होता की आधी शिडावर समुद्राच्या तोंडापर्यंत फेरी मारायची, मग रेइश मागुशच्या किल्ल्याखाली नांगर टाकायचा. तिथे सूर्य बुडेपर्यंत भाचा पाहुण्यांना कॉकटेल बनवायला शिकवणार. होडी चालवणारा तांडेल पन्नाशीचा गोवेकर, रापणकारांच्या घरातला. त्याने सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं आणि दोन नियम सांगितले. नांगर पडल्याशिवाय ग्लास भरायचा नाही. प्यायल्यानंतर पाण्यात उतरायचं नाही. मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि सुकाणूवरचा माणूस पीत नाही."

मिरामारच्या पुढे गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं. इंजिन थांबल्यावर जो आवाज उरतो, तो मी साठ वर्षांनी ऐकला. होडीच्या अंगाला घासत जाणारं पाणी आणि दोराची कुरकुर. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत येते. उन्हाळ्यात हा वारा वायव्येकडून चांगला जोरात असतो. आम्हाला जायचं होतं पश्चिमेला, म्हणजे जवळजवळ वाऱ्याच्याच दिशेने. मग वारा कधी उजव्या, कधी डाव्या अंगावर घेत नागमोडी जायचं. दादांच्या पडावाला तिरक्या काठीवर बांधलेलं एकच मोठं शीड असे. बाजू बदलायची म्हणजे ती अख्खी काठी डोलकाठीला वळसा घालून पलीकडे न्यायची. त्याला चार माणसं आणि भरपूर ओरडा लागे. इथे तांडेलने सुकाणू फिरवलं, एक दोर सोडला, दुसरा ओढला, की शीड आपलं आपण पलीकडे गेलं. होडी कलली तसे पाहुणे ओरडले. एकीकडे आग्वादचा किल्ला, दुसरीकडे काबोचं टोक.

तांडेलने मला विचारलं, "तुमी खंयचे?"

"दाभोळकडचा. आजोबा पडावावर तांडेल होते."

त्याने जास्त काही विचारलं नाही. बाजूला सरकला आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. दहा मिनिटं तो माझ्या हातात होता. भाचा समोर बसून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते फोटोतल्या हसण्यासारखं नव्हतं.

सहाच्या आधी आम्ही मागे फिरून किल्ल्याखाली नांगर टाकला. तिथे डोंगराच्या आडोशाला वारा कमी लागतो, पाणी शांत असतं. भाच्याने घडीचं टेबल मांडलं. बर्फाची पेटी, लिंबं, मिरच्या, मीठ, साखरेचा पाक, भिजवलेली सोलं, सोडा आणि दोन बाटल्या. त्याने हात धुतले, एप्रन बांधला आणि बोलायला लागला. मी खास तेच बघायला आलो होतो, म्हणून सगळं नीट ऐकलं.

पहिल्यांदा त्याने काजू सांगितला. काजूचं झाड इथलं नव्हे, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं. आपण रत्नागिरीकडे बी ठेवतो आणि बोंडं बहुतेक फेकतो. गोव्यात बी वेगळी काढून बोंडं तुडवतात, रस गाळतात. शेवटी जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. सकाळचा ताजा नीरो लहान मुलंसुद्धा पितात. पण उन्हं चढली की तो आंबायला लागतो. आंबलेला रस भट्टीवर चढवून पहिल्यांदा काढतात तो उराक, साधारण पंधरा टक्क्यांचा. पुन्हा गाळला की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. उराक फक्त काजूच्या हंगामात, मार्च ते मे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

एका पाहुण्याने विचारलं, "उराक म्हणजे काय? शब्द कुठला?"

भाच्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "अरबी. अरक, म्हणजे घाम. भांडं तापलं की झाकणाला जसे थेंब धरतात, तसे. आपण मराठीत अर्क म्हणतो तोच." मग त्याने आणखी शब्द सांगितले. सरबत, शराब आणि इंग्रजी सिरप हे तिन्ही एकाच अरबी धातूतले, अर्थ फक्त 'पिणं'. जुलेप म्हणजे गुलाब, गुलाबपाणी. अल्कोहोल म्हणजे अल-कुहल, मूळ अर्थ डोळ्यांत घालायचा सुरमा. गाळायच्या भांड्याचं इंग्रजी नाव अलेंबिक, तेही अरबी अंबीकवरून. पाहुण्यांना गंमत वाटली. मला मात्र दुसरंच आठवलं. नवव्या शतकात अल-किंदीने अत्तरं आणि ऊर्ध्वपातन यांवर पुस्तक लिहिलं होतं. भांडं एकच असतं. त्यातून गुलाबपाणी काढायचं की उराक, हे भांडं ठरवत नाही.

मग त्याने प्रत्यक्ष शिकवायला सुरुवात केली. पहिलं पेय गोव्यातलं नेहमीचं: उराक, लिंबू, मीठ, मधून चिरलेली हिरवी मिरची, वर सोडा. दुसरं फेणीचं, सोलाच्या आगळाबरोबर. त्याचं माप त्याने घोटून घेतलं. दोन भाग फेणी, एक भाग आंबट, एक भाग पाक. आंबट आणि गोड एकमेकांना धरून राहिले पाहिजेत. बर्फ नुसता गार करायला नसतो. शेकर हलवताना तो वितळून जे पाणी होतं, तेही हिशोबात धरलेलं असतं, म्हणून किती वेळ हलवायचं तेही मोजायचं. पाहुणे आळीपाळीने शेकर हलवत होते, सांडत होते, हसत होते. तो कुणाला हसला नाही, कुणाला जास्त ओतूही दिलं नाही. बेंगळुरूच्या एकाने तिसऱ्यांदा बाटली उचलली तेव्हा त्याने ती हळूच काढून घेतली आणि त्याच्या हातात लिंबू पिळायला दिलं.

कुणीतरी त्याला विचारलंच, "तू काय घेतोस?"

"पाणी. ड्युटीवर आहे," तो म्हणाला.

नंतर मी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अरे, चाखत नाहीस तर चव कशी कळते?"

"वासाने आणि मापाने, मामू. शिकताना दुसरी पोरं चाखून सांगायची, मी लिहून घ्यायचो. नानी रोज्यात इफ्तारीचं कालवण करायची, तेव्हा मीठ कुठे चाखायची?"

ही गोष्ट खरी होती. माझी आई सबंध रमजान जिभेला मीठ न लावता स्वयंपाक करी आणि मीठ कधी चुकत नसे. तिच्या नातवाने ते कौशल्य कुठे नेऊन वापरलं, हे बघून मला एकदम बोलता आलं नाही. आईला हे सांगायची वेळ आली असती तर मी कसं सांगितलं असतं, हा विचार मनातून गेला नाही.

तिसरं पेय त्याने सगळ्यांकडून बिनदारूचं करून घेतलं. सोलं, जिरेपूड, मीठ, थोडा पाक, चिमूटभर मिरी. "हे माझ्या नानीचं," एवढंच म्हणाला. पुण्याच्या एका बाई पीत नव्हत्या. गोळ्या चालू आहेत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. मीही पीत नव्हतो. आम्हा दोघांना त्याने हे पेय सर्वांत उंच ग्लासांत, सगळ्यांसारखंच सजवून दिलं. मी नोकरीत असताना कितीतरी पार्ट्यांना गेलो आहे. न पिणाऱ्याच्या हातात प्लॅस्टिकच्या ग्लासात कोमट कोल्ड्रिंक देतात आणि त्याला कोपऱ्यात सोडतात. न पिणाऱ्या माणसालाही पाहुणा समजायचं असतं, हे भाच्याला कळलं होतं.

पावणेसातच्या सुमारास सूर्य समुद्राला टेकला. पाहुणे मोबाइल काढून उभे राहिले. पूर्वेला, गावाच्या वर, पुनवेच्या अलीकडचा चंद्र आधीच चढलेला. गोव्याहून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो. त्या दिवसांत सूर्य जिथे बुडतो त्याच्या जरासं उजवीकडे. मला वेगळी दिशा शोधावी लागली नाही. सूर्य पूर्ण बुडाल्यावर मी पुढच्या टोकाला जाऊन बसूनच मगरिब पढलो. होडी हलत असली, उभं राहता येत नसलं, तर बसून पढायची मुभा आहे. दादा पडावावर तसेच पढत. पाठीमागे ग्लासांचा आवाज होता. त्या आवाजाने माझी नमाज मोडली नाही, पण तो मला ऐकू आला नाही असंही नाही.

भाचा तेव्हा ग्लास विसळत होता. जेट्टीला लागल्यावर पाहुण्यांना उतरवून, पेट्या वर चढवून, तो नळावर गेला. कोपरापर्यंत हात घासून घासून धुतले, वजू केली आणि जेट्टीच्या कडेला स्वच्छ टॉवेल अंथरून उभा राहिला. आभाळात अजून लाली होती, मगरिबची वेळ गेली नव्हती. मी कट्ट्यावर बसून त्याची वाट बघत राहिलो.

सलाम फेरून तो माझ्याजवळ येऊन बसला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मामू, ती हदीस मला ठाऊक आहे. दहा माणसांची. गाळणारा, पिणारा, वाहून नेणारा, विकणारा, त्याचा पैसा खाणारा. पाजणारा पण. मी त्यात कितवा आहे, मोजलंय."

"मग?"

"मग कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो. पहिली नोकरी मी रिसेप्शनवर मागितली होती. जागा नव्हती. बारमध्ये होती. पगार जास्त होता. अम्मा रात्री शिवायची ते मला बघवत नव्हतं."

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग तो खाली बघून, अगदी अदबीने म्हणाला, "तुम्ही रागावणार नाही ना? बँकेत तुम्ही व्याजाच्या वह्या लिहायचात. व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा, साक्षीदार. ती पण हदीस आहे."

मला राग आला नाही. हा सवाल मला नवा नव्हता. १९८१ मध्ये मी बँकेत लागलो तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात मिठाई वाटली. एका बुजुर्गांनी पेढा हातात घेतला, मला दुआ दिली आणि पेढा तसाच खाली ठेवला. तो पेढा मला अजून दिसतो. मी सदतीस वर्षं नोकरी केली. पहिली काही वर्षं लोक कुजबुजत. मग त्यांचीच मुलं कर्जाचे अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे यायला लागली. कुणी बोटीचं इंजिन घेतलं, कुणी दुकान टाकलं, कुणी मुलीला डॉक्टर केलं. माझ्या नोकरीवरचा सवाल कुणी सोडवला नाही, लोकांना फक्त त्याची सवय झाली. दादांच्या पडावात काय भरलं आहे, हेही कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. पी अँड ओ कंपनीच्या मोठ्या बोटींवर डेकवर आमच्याकडचे कितीतरी मुसलमान खलाशी असत. त्या बोटींतून साहेबलोकांची व्हिस्कीही जाई, आणि वाहून नेणारा त्या दहांत आहेच. पण खलाशाचा पगार घरी आला की त्यातून मशिदीला चटया येत.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. पण तुझं बरोबर आहे असं मी म्हणालो नाही. माझ्या मताने या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. बँकेचं कर्ज घेऊन घर उभं राहताना मी पाहिलं आहे, आणि दारूने घर बसताना पाहिलं आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हे काम तू सोडलंस तर मला आनंद होईल. कर्जाचे राहिलेले हप्ते मी भरतो."

"नको मामू. जामीन राहिलात ते पुष्कळ झालं. वीस महिने राहिलेत. मी फेडतो."

"आणि मग?"

त्याने होडीकडे हात केला. तांडेल शीड गुंडाळत होता. "सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे शिकतोय. दोर, गाठी, वारा. परवाना काढायला वेळ लागेल. पगार कमी आहे. जमलं तर बघू. आज तुम्ही सुकाणू धरलंत, तेव्हा मला वाटलं, जमेल."

मी म्हणालो, "ठीक आहे. पण तोवर लपवू नकोस."

"मी लपवलं नाही, मामू," तो म्हणाला. "मी कधीच लपवलं नाही. अम्माने लपवलं. कारण गावात काय म्हणतील ते तिला ऐकावं लागतं, मला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपली मुलं दूरच्या गावी, दूरच्या देशी काय काय कामं करतात. आखातातल्या हॉटेलांत, विमानतळांवरच्या दुकानांत, बोटींवर. आपण 'हॉटेलात आहे', 'कंपनीत आहे', 'बाहेर आहे' म्हणतो आणि पुढे विचारत नाही. पैसा येतो, घराला स्लॅब पडतो, बहिणींची लग्नं होतात. विचारलं असतं तर कदाचित काही मुलांनी आधीच सांगितलं असतं की मला हे नको आहे, दुसरं काही बघा. न विचारण्याला आपण अदब म्हणतो. त्यात मुलगा एकटा पडतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

रात्री भाच्याच्या खोलीवरून मी बहिणीला फोन लावला. तिने तीन प्रश्न विचारले.

"तो पितो?"

"नाही."

"विकतो?"

"बनवून देतो. लोकांना शिकवतो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. शिलाई मशीनचा आवाजही बंद झाला होता. मग म्हणाली, "खोली स्वच्छ आहे ना त्याची? जेवतो नीट?"

"स्वच्छ आहे. आज कोलंबीचं कालवण त्यानेच केलं. मीठ बरोबर होतं," मी म्हणालो.

पुढच्या जुम्याला नमाजीनंतर मी मुलीच्या वडिलांकडे गेलो. बहिणीला विचारून गेलो. त्यांना मी सगळं सांगितलं: काम काय आहे, पगार किती आहे, कर्ज किती राहिलं आहे, पोरगा पीत नाही, जेट्टीवर नमाज पढतो, वीस महिन्यांनी काय करायचं त्याच्या मनात आहे आणि ते जमेलच असं नाही. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. ते शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "मुलीला हे सगळं सांगू?" मी म्हणालो, "तिलाच आधी सांगा. संसार तिला करायचा आहे."

त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं. म्हणाले, "आजवर स्थळ सांगायला पुष्कळ माणसं आली. एवढं सगळं कुणी सांगितलं नव्हतं. मुलीला विचारून कळवतो."

अजून कळवलेलं नाही. नकारही आलेला नाही.